सेहेचाळीस पानांचे सर

त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कपड्यांचा ब्रश असायचा. आखातात जाणारा कुणीही पाहुणा, मग तो राज्य सरकारचा सचिव का असेना, निघायच्या दोन दिवस आधी बॅग घेऊन त्यांच्या खोलीत यायचा. बॅग टेबलावर उघडायची, औषधं एका बाजूला मांडायची, कोट काढून द्यायचा. मग सर त्या कोटाचे खिसे उलटे करून ब्रशनं झाडायचे. खाली पांढरा कागद अंथरलेला असे. कागदावर जे पडेल ते भिंगातून बघायचं.

"काय शोधता, सर?" मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं.

"खसखस, वहिनी."

मी हसले. चांगली तोंडावर रुमाल घेऊन हसले. त्या हसण्याला पुढे जी फळं आली त्यात श्रीरंग नावाचा एक सज्जन माणूस चौदा महिने तुरुंगात बसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी गमतीजमती सांगायला लागले तर तुम्ही फार फसणार नाही. मला गंमत केल्याशिवाय बोलता येत नाही. ती खोड म्हातारपणी जाते म्हणतात, पण माझी काही गेली नाही.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार समजत होते. आमचे हे न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत टर्बाइनची ड्रॉइंगं तपासायचे. मुलगी मोठी झाली, घरात करमेना, म्हणून मी जर्मनचा कोर्स केला, पास झाले, आणि त्याच कंपनीच्या परदेशप्रवास विभागात अर्ध्या दिवसाची नोकरी मिळवली. मग काय विचारता! निळा पॉलिएस्टरचा ब्लेझर, गळ्यात स्कार्फ, हातात फाइल. भाजीवालीशीसुद्धा मी 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून सुरुवात करायची. आयुष्यातली पहिली नोकरी चव्वेचाळिसाव्या वर्षी लागली की बाई कशी होते ते बघायचं असेल तर माझा तेव्हाचा एक फोटो आहे. नात तो बघून अजून लोळते.

आमची कंपनी आखातातल्या एका देशाला वीजनिर्मितीची यंत्रं विकत होती. असल्या व्यवहारात नुसते इंजिनिअर जात नाहीत. मंत्रालयातले अधिकारी, व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, एखाद्या गावचा महापौर असं सरकारी शिष्टमंडळ जातं. त्यांनी तिथे कसं वागायचं, काय न्यायचं, काय बोलायचं नाही, हे शिकवणं आमच्या विभागाचं काम होतं. म्हणजे सरांचं. सर मूळचे मिरजेचे. साठीला आलेले, उंच, हाडकुळे, जूनमध्येसुद्धा लोकरीची टोपी. लग्न केलेलं नाही. त्या आखाती देशात नऊ वर्षं सुपरवायझर म्हणून काढली आणि मग इकडे आले. तोंडावर आम्ही 'सर' म्हणायचो आणि मागे 'शेखसाहेब'. हे नाव मीच पाडलं होतं. नावं पाडण्यात माझा हात कुणी धरला नसता.

त्यांनी एक मेर्कब्लाट लिहिलं होतं. मेर्कब्लाट म्हणजे सूचनापत्रक. जर्मन माणूस सूचनापत्रकाशिवाय आंघोळसुद्धा करत नाही, पण सरांचं मेर्कब्लाट बघून जर्मनसुद्धा घाबरायचे. सेहेचाळीस पानं होती त्यात. पासपोर्टच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. यजमानाच्या घरातल्या वस्तूचं फार कौतुक करू नका, तो ती तुम्हाला देऊन टाकेल. (एका महापौरांनी भिंतीवरच्या घड्याळाला सुंदर म्हटलं. घड्याळ त्यांच्याबरोबर बव्हेरियात आलं आणि सरकारी अधिकाऱ्यानं भेट घ्यायची नाही म्हणून तीन महिने त्याची चौकशी चालली.) सोफ्यावर बसताना बुटाचा तळ समोरच्याला दिसू देऊ नका. बायकांची चौकशी करू नका, मुलांची करा. खोकल्याचं औषध नेऊ नका. दारू भरलेलं चॉकलेट नेऊ नका. आणि एकतिसावं पान पूर्ण खसखशीचं. खसखस अफूच्या झाडाची, तिथल्या कायद्यात ती अमली पदार्थांत बसते, चार दाणे मिळाले तरी गुन्हा तोच आणि शिक्षा वर्षांत मोजायची. इथे जर्मनीत सकाळच्या पावावर खसखस असते, ती कोटाच्या खिशात, शर्टाच्या घडीत पडते, तेव्हा निघण्याच्या आठ दिवस आधीपासून तो पाव बंद. असं सगळं.

दर गुरुवारी दुपारी दोनला त्यांचा वर्ग भरे. पहिला तास कॉफीचा. तिकडे छोट्या कपात कडवट कॉफी देतात आणि पुरे झाली की कप मनगटातून हलकेच हलवायचा, नाहीतर वाढणारा वाढत राहतो. सरांनी कँटीनमधले उकडलेल्या अंड्यांचे कप आणले होते. थर्मास हातात घेऊन ते स्वतः वाढायचे. मंत्रालयातले एक वजनदार गृहस्थ कप हलवायला विसरले आणि संकोचापायी पीत राहिले. सर वाढत राहिले. सातवा कप झाला, आठवा झाला. गृहस्थांचा चेहरा बीटासारखा झाला.

"सर, बास करा हो," मी मराठीत कुजबुजले.

"मी कोण बास करणार? त्यांनी हलवायचाय."

अकराव्या कपाला गृहस्थांनी 'नाईन!', म्हणजे 'नको!', म्हणून कप टेबलावर उपडा केला. "तोही अपमान होतो," सर शांतपणे जर्मनमध्ये म्हणाले, "पण निदान थांबलात."

दुसरा तास वाट बघायचा. सगळ्यांना एका रिकाम्या खोलीत बसवून सर निघून जायचे. घड्याळं, फोन बाहेरच्या टोपलीत. चाळीस मिनिटं काहीच नाही. बैठक अकराची असली तरी मंत्री येतील तेव्हा येतील, त्याची सवय. बाराव्या मिनिटाला दार उघडून तक्रारी सुरू व्हायच्या. एकदा एक प्राध्यापक खिडकीतून बाहेर पडले. तळमजला होता म्हणून बरं. सर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून डब्यातलं थालीपीठ खात बसलेले असायचे.

"अहो, ही काय शाळा आहे का?" मी म्हणायची. "मोठी माणसं आहेत ती."

"मोठीच. म्हणून तर लवकर अडकतात. मला ती परत आलेली बघायचीत, वहिनी. खूश झालेली नाही, परत आलेली."

आखाताला मात्र त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. कुणी उंटाचा विनोद केला की वर्गाबाहेर. "मला तिथे ताप आला तर शेजारी चार दिवस उशाशी बसला होता," ते सांगत. "माणसं सोन्यासारखी. पण तो कायदा आहे, आणि कायद्याला शेजारी नसतात."

त्यांच्या त्या खसखशीबद्दल विभागात तऱ्हेतऱ्हेच्या वदंता होत्या. कुणी म्हणे, त्यांचा भाऊ तिथे फासावर गेला. कुणी म्हणे, ते स्वतः आत होते. मी एकदा सरळ विचारलं.

"तुमच्या ओळखीचं कुणी सापडलं होतं का हो?"

"नाही."

"मग एवढी धास्ती कशाची?"

ते खरंच गोंधळले. "अहो, लिहिलंय ना तसं. त्यांच्या राजपत्रात लिहिलंय. मी वाचलंय. अजून काय व्हायला पाहिजे?"

हा त्या माणसाचा खरा विक्षिप्तपणा होता, बाकी सगळं वरवरचं. ते वाचायचे. आपण सगळे ज्याच्याखाली न वाचता सही करतो ते वाचायचे. ट्रामच्या तिकिटाची मागची बाजू, औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, बिल्डिंगच्या जिन्यात लावलेली नियमावली. आमच्याकडे जेवायला आले आणि सूपच्या पाकिटाची पाठ वाचून आमच्या ह्यांना म्हणाले, "तुम्ही शाकाहारी ना? मग हे सहा वर्षं पीत असाल तर झालात तुम्ही मांसाहारी." ह्यांनी चमचा खाली ठेवला. मी आठवडाभर सरांवर धुमसत होते. खरं तर पाकीट मीच आणत होते, पण राग वाचणाऱ्याचा आला.

नोकरीला वर्ष झालं आणि मला सुधारणा करायची हुक्की आली. विभागाच्या प्रमुख एक जर्मन बाई होत्या, चटपटीत, सगळ्याला 'सुपर' म्हणणाऱ्या. मी त्यांना सांगितलं, सेहेचाळीस पानं कुणी वाचत नाही. आपण आठ पानी, रंगीत, घडीचं पत्रक करू या. मी करते. त्या म्हणाल्या, सुपर.

मी तीन दुपारी बसून सरांची सेहेचाळीस पानं आठ पानांत बसवली. कॉफी ठेवली, लोकांना आवडते म्हणून. बुटाचा तळ ठेवला. 'दुसऱ्याचं सामान स्वतःच्या बॅगेत नेऊ नका' हे ठळक टाइपात घेतलं. औषधांच्या पाच पानांचं एक वाक्य केलं, 'औषधांबाबत वकिलातीचा सल्ला घ्यावा'. आणि एकतिसाव्या पानावर आले तेव्हा पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. ती रेघ मारताना मला जे सुख झालं ते अजून आठवतं. मुखपृष्ठावर वाळवंटातला सूर्यास्त घातला. मागच्या पानावर 'जबाबदारी' असं छापून पुढे सरांचं नाव, कारण तसा नियम होता. मजकूर थेट प्रेसला पाठवून दिला.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण बॅगा तपासणं मला फारच गावंढळ वाटायचं. मी प्रमुखबाईंना एक टिपण लिहून दिलं की हे पाहुण्यांच्या प्रतिष्ठेला धरून नाही. कामगारांच्या मंडळालाही ते पटलं. सरांना लेखी कळवण्यात आलं की यापुढे कुणाची बॅग उघडायची नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली, आणि ब्रश खिशातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिपणाची भाषा माझी होती हे त्यांना कळलं असणारच.

मग दिवाळी आली. शिष्टमंडळ त्याच आठवड्यात निघणार होतं. त्यांच्याबरोबर तांत्रिक बाजू सांभाळायला श्रीरंग जाणार होता. रेगेन्सबर्गला राहायचा, अडतीस वर्षांचा, अतिशय व्यवस्थित माणूस. बायको मेधा, पाच वर्षांची मुलगी. त्याची थोरली बहीण त्याच देशात राहत होती, आणि पुष्कळ वर्षांनी त्याची भाऊबीज होणार होती.

मी त्या वर्षी जर्मनीत पहिल्यांदा अनारसे केले होते. आशियाई दुकानातले तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून. इथली खसखस पांढरी नसते, निळसर काळी असते, त्यामुळे माझे अनारसे भाजल्या तोंडाचे दिसत होते. पण जाळी पडली होती! जाळी पडलेला अनारसा न्युरेम्बर्गमध्ये कुणी केला नव्हता, आणि तो लोकांनी बघायला नको का? सरांचा वर्ग संपवून श्रीरंग बाहेर पडला तेव्हा मी ट्रामच्या थांब्यावर त्याला गाठलं.

"ताईला माझ्याकडून. दोन डझन आहेत. हलवू नकोस फार."

"काकू, अनारसे? अहो ताई रडेल."

"रडू दे. आणि विचारलंच कुणी तर सांग, जाळी बघा म्हणावं."

संध्याकाळी सरांचा फोन आला. बॅगा उघडायला बंदी झाल्यापासून ते असे फोन करत होते, प्रत्येकाला, प्रत्येकाच्या घरच्यांना.

"वहिनी, दिवाळी आहे म्हणून विचारतो. श्रीरंगबरोबर फराळाचं काही दिलंत का?"

आता खरं सांगितलं तर काय झालं असतं? अर्धा तास व्याख्यान, आणि श्रीरंगला फोन. बस्स. ते व्याख्यान मला नको होतं. ओट्यावर चकलीचं पीठ भिजवलेलं होतं.

"नाही हो सर. शुभेच्छा दिल्या फक्त."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

श्रीरंगला तिथल्या विमानतळावर कस्टमनं बाजूला घेतलं. डबा उघडला. कुणी दिला, असं विचारल्यावर तो म्हणाला, माझाच आहे, मी घरी केलाय. कारण माझ्या आठ पानी पत्रकात ठळक टाइपात होतं ना, दुसऱ्याचं सामान नेऊ नका. व्यवस्थित माणूस, त्यानं ते वाचलं होतं. शिष्टमंडळ पुढे गेलं. मंत्र्यांना भेटलं, कॉफी प्यालं, कप बरोबर हलवला. आमच्या एका माणसाचं काय झालं हा विषय बैठकीत काढणं औचित्याला धरून नाही, असं त्यांच्यातल्या सगळ्यात वरिष्ठांनी ठरवलं. परत आल्यावर त्यांनी विभागाला आभाराचं पत्र पाठवलं. पत्रक अतिशय उपयुक्त होतं म्हणे.

पुढचे नऊ दिवस. हे सांगायला मला अजून जड जातं, तेव्हा पटकन सांगते.

तिथल्या वकिलानं कळवलं होतं की फाइल अजून कस्टमकडे आहे. अनारसे ज्यानं केले त्यानं पुढे येऊन, वकिलातीच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं की हा सणाचा गोड पदार्थ आहे, खसखस अमुक दुकानातून स्वयंपाकासाठी घेतली, नेणाऱ्याला त्याचं काही माहीत नव्हतं, तर बहुधा नुसती रवानगी करून सोडतील. एकदा फाइल सरकारी वकिलाकडे गेली की मग कायदा. मग कुणाच्या हातात काही नाही.

सर माझ्या टेबलापाशी आले. "वहिनी, श्रीरंगला अनारसे करता येतात का?"

"येत असतील की," मी म्हटलं. "हल्ली पुरुष सगळं करतात."

असं मी बोलले. माझ्या ह्याच तोंडानं. मला वाटलं, आज कबूल केलं तर नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, हे काय म्हणतील. आणि एवढ्याशा खसखशीसाठी कुणी आत ठेवतं का, सोडतील उद्या, मग माझं कुणाला कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्या निवेदनाचा टाइप केलेला मसुदा होता. सगळं लिहिलेलं, फक्त नावाची जागा कोरी. मी तो फाडून टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच मसुदा, नवीन प्रत. चौथ्या दिवशीही. रोज सकाळी, फाइलीवर ठेवलेला, त्यावर माझंच पेन. एकदाही त्यांनी 'तुम्ही' म्हणून बोट दाखवलं नाही. बोट दाखवलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडताना खरं बाहेर पडलं असतं. त्या कोऱ्या जागेशी भांडता येत नव्हतं.

नवव्या दिवशी मेधा मुलीला घेऊन आमच्या घरी आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काकू, तुम्हाला येतात ना अनारसे? वकील विचारतोय, एकाला खसखस किती लागते. ग्रॅममध्ये सांगा म्हणतोय. मला काहीच माहीत नाही हो. ह्यांनी कधी केले तेच मला कळत नाहीये."

मुलगी सोफ्यावर पाय हलवत बसली होती. तिनं जर्मनमध्ये विचारलं, पप्पा कधी येणार. मेधानं मराठीत सांगितलं, येतील. मुलगी पुन्हा जर्मनमध्ये म्हणाली, ते तू कालही सांगितलंस.

"मी केले," मी म्हटलं.

"हो ना, म्हणूनच विचारतेय. किती लागते?"

"मेधा, ते मी केले. तो डबा माझा होता."

ती ओरडली नाही. मुलीचा कोट घेतला, बटणं लावली, खालपासून वरपर्यंत, एक चुकलं ते पुन्हा लावलं, आणि दोघी गेल्या. मी तशीच सरांच्या ऑफिसात गेले आणि त्यांच्या मसुद्यावर नाव घातलं. त्याच दुपारी आम्ही दोघं वकिलातीत जाऊन शिक्का घेऊन आलो. फॅक्स गेला. तासाभरात तिकडून उत्तर आलं. सरांनी वाचून माझ्याकडे दिलं.

"फाइल परवा वर गेली," ते म्हणाले.

एवढंच. 'तुम्ही दोन दिवस आधी लिहिलं असतंत तर' हे वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. मीच ते रोज ऐकते.

श्रीरंगला चार वर्षांची शिक्षा लागली. मग कंपनीला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. एक बैठक झाली. प्रमुखबाई, वरचे दोन साहेब, सर. आणि टिपणं घ्यायला मी. होय, मीच. साहेबांनी जुनं आणि नवं पत्रक शेजारी ठेवून विचारलं, खसखशीचं पान जुन्यात आहे, नव्यात नाही, ते कुणी काढलं? प्रमुखबाई पेनाचं टोपण बघत होत्या. मी मान खाली घालून लिहीत होते. डबा माझा होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी लोकांनी मला बिचारी ठरवलं होतं, सणाच्या उत्साहात चुकलेली भोळी भारतीय बाई. पण पानाचं कुणाला माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "पत्रकावर नाव माझं आहे."

"पण काढलं कुणी?"

"नाव माझं आहे," ते पुन्हा म्हणाले.

मी ते वाक्य लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात, दोन्ही वेळा. त्यांना मुदतीआधी घरी बसवण्यात आलं. निरोपाला केक होता. मी वर्गणी गोळा केली.

घरी बसून ते दर सोमवारी एक पत्र पाठवायचे, तिथल्या माफीच्या कचेरीला, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, अरबीत. एकाचंही उत्तर आलं नाही. श्रीरंग सुटला तो चौदा महिन्यांनी, ईदच्या माफीत, आणखी शेकडो लोकांबरोबर. त्या पत्रांमुळे सुटला असं म्हणायला मला आवडेल. पण वकील म्हणाला, यादी संगणक करतो, त्यात पत्रं जोडत नाहीत. तो परत आला तेव्हा मी भेटायला गेले. केस पिकलेले, आवाज खाली गेलेला. मुलगी त्याच्याशी जर्मनमध्ये बोलत होती आणि तो उत्तरं देताना थांबत होता, चौदा महिन्यांत भाषा गंजली होती. मी हात जोडले. तो म्हणाला, "चालायचंच, काकू." वर्षभरात ते कुटुंब पुण्याला परत गेलं. दिवाळीला मी फोन करायची. मेधा उचलायची आणि म्हणायची, ते बाहेर गेलेत.

सरांना पानाचं सांगायला मला आणखी दोन वर्षं लागली. त्यांची एक खोली होती, शेजारच्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. दम्यानं थकले होते. चहा त्यांनीच केला. मी पेला हातात धरून सगळं ओतून टाकलं. तिरकी रेघ, ती मारताना झालेलं सुख, थेट प्रेसला पाठवणं, बैठकीत खाली घातलेली मान. रडलेसुद्धा. चव्वेचाळिसाव्या वर्षीची ती ब्लेझरवाली बया समोर असती तर मी तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली ढकललं असतं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "थेट प्रेसला कसं जाईल, वहिनी? ज्याच्या नावावर असतं त्याच्याकडे प्रूफ येतं. सहीशिवाय छापत नाहीत इथे. नियम आहे तसा."

"म्हणजे?"

"मला आलं होतं. आठ पानं वाचायला मला किती वेळ लागणार?"

"मग तुम्ही... पान नाही हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की." त्यांनी कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. "त्याच्या आदल्या गुरुवारी मंत्रालयाच्या लोकांनी मला भेट दिली होती. खसखशीचा मोठा पाव, लाल फीत बांधून. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही हसलो. घरी येऊन प्रूफ उघडलं. म्हटलं, एक पान. पंधरा वर्षं लोक हसतायत, एक पान नसलं तर निदान हसणार तरी नाहीत. आणि सही केली."

ते खरं बोलत होते की मला सोडवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. खरं असेल तर त्या माणसानं आयुष्यात एकदाच न वाचल्यासारखं केलं, आणि ते माझ्या आणि माझ्यासारख्यांच्या हसण्यापायी. खोटं असेल तर माझ्यासारखीसाठी त्यानं आपली एकुलती एक गोष्ट, सगळं वाचणारा माणूस ही ओळख, मोडली. दोन्हीतलं कुठलंही धरलं तरी मला जागा उरत नाही.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. तिथे बसल्या बसल्या मला काय वाटलं ते सांगते, कारण ते कुणालाच सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं. चला, अर्धं पाप त्यांचं. जिना उतरताना पाय भराभर पडत होते. घरी आले, वरण-भात टाकला, लिंबाचं लोणचं काढलं, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.